उसनं दिलेलं बालपण

माझी धाकटी नात बेनेदिता हिचा बाप्तिस्मा झाला ते साल दोन हजार सात, महिना ऑक्टोबर. मला हे पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी कोकराच्या रश्श्यात पाव बुडवता बुडवता मला कळलं की मी अशिक्षित आहे. त्याआधी एकतीस वर्षं मी स्वतःला शिकलेला समजत होतो.

सांगणारा होता फिर्मिनो, आमच्या गावसभेचा अध्यक्ष. बाप्तिस्मा असो की मयत, तो उभा राहून दोन शब्द बोलल्याशिवाय जेवत नाही. पेला वर धरून म्हणाला, "ब्रुसेल्सहून पैसे मंजूर झालेत. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या गावात तरुणांना बूच सोलायला शिकवायचा सरकारी वर्ग निघणार. आता शिकवायला आदेलिनो उस्तादांशिवाय आहे कोण?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली. माणसाला एखादी गोष्ट मनापासून पटली की तो अशी मान खाली घालतो.

बाटलीच्या तोंडाला बसतं ते बूच म्हणजे आमच्याकडच्या ओकच्या झाडाची साल. दर नऊ वर्षांनी ती कुऱ्हाडीने सोलायची, आणि आतल्या कातडीला ओरखडाही उठू द्यायचा नाही, हा आमचा धंदा. एका झाडाला दोन माणसं लागतात. एक घाव याचा, एक घाव त्याचा. पंचेचाळीस हंगाम माझा जोडीदार एकच होता, झाकारियास. माझ्यापेक्षा वर्षाने मोठा, आणि जीभ कुऱ्हाडीपेक्षा धारदार. त्याला अंक येत, अक्षरं येत नसत. सहीच्या जागी अंगठा. तोही त्या दिवशी माझ्या शेजारीच बसला होता.

फिर्मिनो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "फक्त एक कागद लागेल, उस्ताद. नववी पास."

"मी चौथी आहे."

"चौथी पूर्वी चालायची. आता नववीच्या खाली शिक्षक नेमता येत नाही. जूनपर्यंत दाखला नसेल तर लिस्बनहून इंजिनिअर पाठवणार आहेत."

"त्याने कधी झाड सोललंय?"

"त्याच्याकडे पदवी आहे."

"बाटल्या उघडल्या असतील त्याने बऱ्याच," झाकारियास म्हणाला, आणि माझ्या ताटातला मांसाचा तुकडा उचलला.

आता मी हे एवढं जिवाला का लावून घेतलं ते सांगतो. आमच्या गावात पन्नाशीच्या आतला एकही माणूस उरला नव्हता ज्याला कुऱ्हाड धरता येते. पोरं लिस्बनला गेली, लक्झेंबर्गला गेली, जी राहिली ती सुपरमार्केटात गल्ल्यावर बसली. माझ्या मनगटात फार तर दोन-तीन हंगाम उरले होते. आणि झाकारियासच्या घरामागे त्याचं स्वतःचं एक झाड होतं, एकुलतं एक. साल काढली की आम्ही खोडावर पांढऱ्या रंगाने त्या वर्षाचा शेवटचा अंक लिहितो. त्या झाडावर नऊचा आकडा होता, नव्व्याण्णव सालचा. म्हणजे ते नेमकं पुढच्या उन्हाळ्यात सोलायला येत होतं.

"शिकवायचं ते माझ्या झाडावर," झाकारियासने तिथेच जाहीर केलं. "दुसऱ्याच्या झाडावर पोरांनी हात साफ केला तर मालक आपल्या दोघांना सोलेल."

झालं, मी नववीच्या मागे लागलो.

जुन्या पोस्टाच्या खोलीत सरकारने एक कचेरी उघडली होती. तिथे डॉक्टर सिल्व्हिया बसायच्या. आमच्याकडे पदवी घेतलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात. या बाईंना तर बोटाला टाचणी लागली तरी खुर्चीत बसावं लागायचं. वय तिशीचं, नोकरी तीन वर्षांच्या कराराची, स्वभाव गोड.

"आदेलिनोकाका, वर्गात बसायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमचं आयुष्य लिहून आणायचं. आयुष्यात जे जे शिकलात ते आम्ही तपासू, आणि नववीचा दाखला देऊ."

मला वाटलं, या हिशोबाने मी विद्यापीठापर्यंत जायला हरकत नाही. घरी जाऊन लिहून काढलं. 'माझं नाव आदेलिनो. मला बूच सोलता येतं. झाकारियासलाही येतं.' शुद्धलेखन बायकोकडून तपासून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं.

डॉक्टरबाईंनी ते तीनदा वाचलं. तीनदा वाचायला काही वेळ लागत नाही. म्हणाल्या, "काका, हे फार थोडं आहे."

"कामही एवढंच केलंय."

मग त्यांनी चौकोनांचा एक मोठा कागद पसरला. भाषा, रोजच्या जगण्यातलं गणित, कॉम्प्युटर, नागरिकत्व. प्रत्येक चौकोनासाठी पुरावा हवा. मला समजावत म्हणाल्या, "काका, तुम्ही स्वतःला कमी समजू नका. तुम्ही या देशाचं मानवी भांडवल आहात."

ही बातमी मी झाकारियासला सांगितली. आम्ही लहानपणापासून भांडवल पाहिलं होतं ते जमीनदाराच्या घोड्यावर बसलेलं. ते आपल्यातच होतं हे अडुसष्टाव्या वर्षी कळलं. झाकारियासने विचार केला आणि विचारलं, "मग इतकी वर्षं आपल्यावरचं व्याज कोण खात होतं?"

गणिताचा चौकोन एका सकाळी भरला. डॉक्टरबाई मला झाडापुढे घेऊन गेल्या आणि यातून किती साल निघेल म्हणून विचारलं. मी सांगितलं, पंचेचाळीस किलो. "कसं काढलंत?" "बघून." "सूत्र कोणतं?" "डोळे." त्यांनी बराच वेळ पेन तोंडात धरलं आणि लिहिलं, 'उमेदवार अंदाजपद्धतीचा वापर करतो.' एवढ्यावर गणित सुटलं.

कॉम्प्युटर मात्र सुटेना. त्या उंदरावर हात ठेवला की बाण पडद्याच्या बाहेर निघून जायचा. कुऱ्हाडीला जेवढा जोर लागतो तेवढाच मी लावत होतो, माझं काय चुकलं. दोन महिन्यांत मी तीन उंदीर निकामी केले. माझी बायको फेलिस्मिना शेजारी बसून विणकाम करायची आणि मधूनच म्हणायची, "अहो, गोंजारा त्याला. मारू नका." पानभर मजकूर टाइप केला आणि तो एका बोटाच्या धक्क्यात नाहीसा झाला, असं चार वेळा घडलं. त्यामुळे माझी परीक्षा सगळ्यांच्या मागे पडली. हे लक्षात ठेवा, कारण माझा घात त्यानेच केला.

दरम्यान सल्ले सुरू झाले. दाखला मिळवणं हे मुलगी खपवण्यासारखं आहे, ज्याला विचारलं नाही तोही बोलतो. औषधवाल्याने सांगितलं, मोठे शब्द घाला. फिर्मिनोने सांगितलं, युरोपबद्दल दोन चांगले शब्द घाला. तिबूर्सियो न्हावी माझी मान वस्तऱ्याखाली धरून म्हणाला, "हाल लिही, हाल. माझी मेहुणी पलीकडच्या गावात पास झाली. तिथे हालांना गुण आहेत."

वस्तरा मानेवर असताना दिलेला सल्ला मनात राहतो. मी हाल लिहिले. पंचेचाळीस सालचा दुष्काळ, ओकच्या बिया दळून केलेला पाव, दोन भावांत मिळून एक बुटांचा जोड, शेजाऱ्याच्या शेळीचं चोरून पिलेलं दूध. तेराव्या वर्षी पाठीवर कॉफीचं पोतं घेऊन रात्री नदीतून चोरट्या वाटेने स्पेनच्या हद्दीत जाणं, आणि नाक्यावरच्या शिपायाचा कंदील. चौसष्ट पानं झाली. डॉक्टरबाईंनी वाचताना डोळे पुसले आणि म्हणाल्या, "काका, हे सोनं आहे."

हे वाक्य त्या दुपारी बोलल्या आणि दिवेलागणीला गावभर झालं.

आता गावातल्या प्रत्येकाला नववी हवी होती. एर्मेलिंदा बेकरीवालीला शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी हवी होती आणि भांडी घासायलाही नववी लागत होती. तिबूर्सियोला दुकानाच्या परवान्यासाठी हवी होती. कॉफीच्या टपरीवर शांतता पसरली; जो तो टेबलाशी बसून आपलं बालपण आठवत होता. पण आठवून आठवून आठवणार किती? एक दिवस एर्मेलिंदा घरी आली, हातात गरम केक.

"आदेलिनो, तुझ्याकडे पंचेचाळीस सालची भूक आहे म्हणे."

"आहे."

"माझ्या बापाची बेकरी होती रे. आमच्या घरी उपाशी राहायची सोयच नव्हती. थोडी दे ना."

केक लिंबाचा होता. मी दिली. शेळीही दिली, कारण शेळीशिवाय त्या भुकेला चव नाही. चार दिवसांनी तिबूर्सियो आला.

"तुझं ते स्पेनच्या हद्दीतलं प्रकरण मला लागेल."

"अरे, तुझा बाप त्या नाक्यावर शिपाई होता. आम्हाला पकडायचा तोच."

"म्हणून तर. कंदिलामागे काय होतं ते मला घरचंच माहीत आहे. आता पोत्याकडची बाजू तू सांग."

बुटांचा जोड औषधवाल्याच्या भावाने नेला. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. अडुसष्ट वर्षांत माझ्या दारिद्र्याला एवढी मागणी कधी आली नव्हती. फेलिस्मिना एकटी कुरकुरत होती. "अहो, कढई उसनी दिली तर परत मागता येते. हे परत कसं मागणार?"

फेब्रुवारीत हे सगळे एकेक करून परीक्षा देऊन आले. सगळे पास. माझी तारीख मार्चमध्ये आली.

परीक्षक तीन होते. मधले गृहस्थ एव्होराहून आलेले, जाड भिंगांचा चष्मा, समोर पाण्याची बाटली. मी नवा कोट घातला होता. पंचेचाळीस सालापासून वाचायला सुरुवात केली. ओकच्या बियांच्या पावापर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. हा पाव आम्ही ऐकलाय."

"पाव सगळीकडे तोच असायचा, साहेब."

"आणि शेळी?"

"शेळी माझी. म्हणजे शेजाऱ्याची, पण दूध मी पिलं."

"तिचं एक शिंग मोडलेलं होतं का?"

"होतं."

"बेकरीवाल्या बाईंच्या शेळीचंही होतं," ते म्हणाले आणि शेजारच्या परीक्षकाकडे पाहिलं. "पुढे वाचा."

मी नदीवर आलो. त्यांनी डोळे मिटले. "हे त्या न्हाव्याने सांगितलं. आणि माफ करा, जास्त चांगलं सांगितलं."

तिबूर्सियोने नदीला पूर आणला होता. माझ्या नदीला पोटरीएवढं पाणी होतं, कारण तेवढंच होतं. त्याने कंदील विझवला होता, मी तो तसाच जळत ठेवला होता. आणि बूट, ते तर माझ्या तोंडून निघायच्या आधीच त्यांनी ओळखले. शेवटी त्यांनी फाईल मिटली आणि अगदी हळुवारपणे सांगितलं की या वयात दुसऱ्याच्या आयुष्याची नक्कल करणं शोभत नाही. मे महिन्यात पुन्हा या. या वेळी स्वतःचं आणा.

माझ्या आयुष्यात मला चोर दोनदाच म्हटलं गेलं. एकदा दूध पिलं तेव्हा आणि एकदा ते पिल्याचं सांगितलं तेव्हा.

मी तडक एर्मेलिंदाकडे गेलो. तिच्या भिंतीवर दाखला चौकटीत लावलेला होता, मेरीमातेच्या शेजारी, किंचित वर. "तू जाऊन खरं सांग," मी म्हणालो.

"काय सांगू? मी पोटभर जेवत होते म्हणून? दाखला काढून घेतील. नोकरी सोमवारपासून आहे." तिला वाईट वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. तिने अजून एक केक दिला. फिर्मिनोने मात्र गावसभेच्या भिंतीवर एक तक्ता लावला, गावाचं सरासरी शिक्षण किती वर गेलं त्याचा. रेघ चांगली चढलेली होती. माझ्या भुकेवर गाव हुशार झालं होतं आणि मी तेवढा चौथीत राहिलो होतो.

झाकारियास त्याच्या झाडाखाली बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"मग राहिलं काय तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"काही नाही. सगळं नेलं."

"शोध. कुणालाच मागावंसं वाटलं नसेल असं काहीतरी असेलच."

होतं. त्याच्याशेजारी बसल्यावरच ते आठवलं, आणि तो आहे म्हणूनच मी ते कधी बोललो नव्हतो. घरी जाऊन दोन पानं लिहिली. फेलिस्मिनालाही दाखवली नाहीत.

मे महिन्यात झाकारियास सोबत आला. आत यायची परवानगी नव्हती, म्हणून बाहेर बाकावर बसला. उकाड्यामुळे दार उघडं ठेवलं होतं. मला ते बंद करा म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. वाचलं ते असं:

'चौऱ्याहत्तर साली क्रांती झाली, त्याच्या पुढच्या वर्षी हिवाळ्यात लिस्बनहून विद्यार्थी आले आणि आमच्या धान्याच्या कोठारात मोठ्या माणसांना अक्षरं शिकवू लागले. मी छत्तीस वर्षांचा होतो. झाकारियास आणि मी सोललेल्या सालीच्या ढिगाची राखण करत होतो, आणि ढीग सोडून दोघांना जाता येत नव्हतं. आम्ही ठरवलं, एक हिवाळा मी शिकायचं, पुढचा हिवाळा त्याने. झाडावर घाव घालतो तसं, आळीपाळीने. पहिली पाळी त्याने मला दिली. तो हिवाळाभर माझ्या वाट्याची राखण करत थंडीत बसला आणि मी चौथी पास झालो. पुढच्या हिवाळ्यात विद्यार्थी आले नाहीत. झाकारियास म्हणाला, मग तू शिकव. मी म्हणालो, हंगाम संपल्यावर. असे एकतीस हंगाम संपले. मला वाचता येतं आणि त्याला येत नाही, हे मला आवडत होतं. टपरीवर तो वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवायचा, तेव्हा मी उस्ताद व्हायचो.'

भिंगवाल्या परीक्षकांनी चष्मा काढून ठेवला. हे कुणी आधी सांगितलंय का, असं मीच विचारलं. ते म्हणाले, नाही. मग तिघांनी खाली वाकून कुजबुज केली, कारण हे कोणत्या चौकोनात बसतं ते कळेना. शेवटी नागरिकत्वात बसवलं. मी नववी पास झालो.

बाहेर आलो. झाकारियास टोपी हातात फिरवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मला वाटलं होतं तू विसरलास," तो म्हणाला.

"नाही."

"त्याचेही गुण दिले त्यांनी?"

"दिले."

"थोर आहे सरकार." थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "मग आता हंगाम संपल्यावर शिकव."

"कुठला हंगाम?"

"हाच."

आता तुम्ही म्हणाल, वर्गाचं काय झालं? वर्ग झाला. जूनमध्ये बारा जण आले. पण तोवर नियम बदलला होता. नववीवाला माणूस आता प्रात्यक्षिक सहायक होऊ शकत होता, शिकवणार इंजिनिअरच. तो आला, चांगला मुलगा होता, पडद्यावर झाडांची चित्रं दाखवायचा. मी पडद्याच्या बाजूला नुसता उभा. कुऱ्हाडी गावसभेच्या कपाटात कुलपात, कारण शिकणाऱ्यांच्या हातात धार द्यायची तर विमा हवा आणि विम्याचा कागद लिस्बनमध्ये अडकला होता. आठ आठवडे आम्ही कुऱ्हाडीशिवाय बूच सोलायला शिकवलं. मी रिकाम्या हाताने हवेत घाव घालून दाखवायचो, बारा जण हवेत घाव घालायचे. खिडकीतून जाणाऱ्या एका म्हातारीने क्रूसाची खूण केली. विम्याचा कागद अठ्ठावीस ऑगस्टला आला. ऑगस्टच्या मध्यानंतर साल झाडाला घट्ट धरून बसते, मग ती ओढून काढणं म्हणजे झाडाचं कातडं फाडणं. सगळ्यांना दाखले मिळाले.

पण हे झाकारियासने आधीच ओळखलं होतं. जुलैच्या एका रविवारी त्याने सगळ्यांना घरामागे बोलावलं. रविवारी वर्ग नसतो, त्यामुळे विमाही नसतो. इंजिनिअरने मला बाजूला घेऊन सांगितलं, मला हे कळलेलं नाही असं समजा, आणि स्वतः बघायला आला. बारांपैकी चार जण आले. त्यांतल्या एकीला मनगट होतं: इदालिना, वय त्रेचाळीस, शिवणकामाचा कारखाना बंद पडल्यावर घरी बसलेली. झाकारियासने तिला माझ्या जागी उभं केलं. मला म्हणाला, "तू बाजूला सर, नववीवाल्या." एक घाव त्याचा, एक घाव तिचा. तिसऱ्या घावाला साल सुटल्याचा तो आवाज आला, ओलं कापड फाटल्यासारखा, आणि अख्खी फळी हातात आली. आतल्या कातडीवर ओरखडा नव्हता. झाकारियासने खोडावर पांढरा आठ काढला. दोन हजार सतरा साली ते झाड इदालिनाने सोललं. शिडी मी धरली.

वर्ग झाला त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी झाकारियासला शिकवलं. विद्यार्थी वाईट होता. प्रत्येक अक्षराची चौकशी करायचा, हे असं वाकडं का, याने काय बिघडलं असतं सरळ राहून. पण नाताळापर्यंत नाव लिहायला लागला. मग त्यालाही नववी हवी झाली. तो सांगायचा, मी लिहायचो. त्याने उसनं काही दिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचं सगळं शाबूत होतं. नव्वद पानं झाली. पहिल्या पानावर अंगठ्याऐवजी सही केली, आणि ती सुकेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. जानेवारीत फाईल दिली.

मार्चमध्ये उत्तर आलं. डॉक्टरबाईंचा करार संपला होता, सही कुण्या दुसऱ्याची होती. फाईल चांगली आहे, असं लिहिलं होतं, पण पुढील आयुष्यात शिक्षण चालू ठेवण्याची उमेदवाराची इच्छा त्यातून पुरेशी दिसत नाही. तरी उमेदवाराने पंधरा दिवसांत स्वतः हजर राहावं, न आल्यास कारण लेखी कळवावं.

त्याच्या बायकोने ते पत्र माझ्यापुढे सरकवलं, तो वर्तमानपत्र सरकवायचा तसं. न येण्याचं कारण मीच लिहिलं. नाव, गाव, फाईलचा क्रमांक घातला आणि खाली लिहिलं:

'उमेदवार झाकारियास दोन हजार नऊ सालच्या अकरा फेब्रुवारीला, बुधवारी, दुपारच्या जेवणाआधी वारला.'